दाराची राखण

दार आतून लावलेले होते आणि आत कोणीही रडत नव्हते.

ही वार्ता पार्वताने आणली. मागच्या अंगणात भांडी घासत होती, ती राखेच्या हातांनीच देवघराच्या उंबरठ्यापर्यंत आली. "बाईसाहेब, थो म्हातारा गेला वाट्टे," ती म्हणाली. "पन कोणी रडूनच नाही राह्यलं."

मी पूजा अर्धी टाकून उठले. अमरावतीत आमच्या गल्लीत त्या काळी माझ्याशिवाय मयत उठत नसे. माणसाला जमिनीवर केव्हा घ्यायचे, डोके कोणत्या दिशेला करायचे, रडणाऱ्यांना केव्हा आवरायचे आणि ज्यांना रडूच येत नाही त्यांना कसे रडवायचे, हे सारे मी पाहत असे. मयताच्या उशाशी दिवा लागायच्या आत आमच्या, देशमुखांच्या घरी निरोप येई. आणि माझ्याच आवारात माणूस गेला, तर मला ते मोलकरणीकडून कळावे, हे मला रुचले नाही.

आवारातल्या मागच्या दोन खोल्या मी हिवाळ्यापुरत्या तिबेटी कुटुंबाला देत असे. मुलखातून पळून आलेली माणसे; सरकारने त्यांना भंडाऱ्याकडे, गोठणगावच्या जंगलात वसवलेले. दिवाळी झाली की ती स्वेटरांचे गठ्ठे घेऊन शहरोशहरी निघत आणि संक्रांतीनंतर परत जात. आमच्याकडे त्यांचा तो तिसरा हिवाळा होता. म्हातारा पालदेन, त्याची मुलगी यांगचेन आणि जावई सामतेन. पालदेन महिनाभर खोकत होता. आमच्या डॉक्टर मोहरिलांचे औषध चालू होते.

मी गंगाजलाची लोटी आणि तुळशीची पाने घेऊन गेले. कडी वाजवली. बऱ्याच वेळाने यांगचेनने दार वीतभर उघडले आणि स्वतःच त्या फटीत उभी राहिली. तिचे डोळे कोरडे होते.

"माताजी, पाला गेले. पहाटे."

पाला म्हणजे वडील, एवढे मला ठाऊक झाले होते. मला माताजी म्हणू नये, असे मी तिला दोनदा बजावले होते. त्या वेळी मात्र काही बोलले नाही.

"मग दार कशाला लावून घेतलंस? त्यांना खाली घ्यायला हवं. मी गंगाजल आणलंय. बाजूला हो."

ती हलली नाही. "त्यांना हात लावायचा नाही."

"कोणी?"

"कोणीच नाही. मीपण नाही. तीन दिवस." तिचे मराठी गोठणगावच्या शाळेत झाडीपट्टीच्या पोरींबरोबर बसून शिकलेले होते, आणि ते तिच्या तोंडी विचित्र वाटे. "श्वास थांबला तरी जीव आतच असते, माताजी. निघायची वाट पाहते. कोणी रडलं, हलवलं, ओढलं, तर तो वाट चुकते. आमचे लामा येतील, पोथी वाचतील, पहिला हात तेच लावतील. मग न्यायचं."

"तीन दिवस मयत घरात?"

"थंडी आहे," ती म्हणाली. मग थोडी थांबून, "तुम्ही नाही म्हणाल तर आज हलवावं लागेल. मग सगळं बिघडते. पालांचं पुढचं सगळं."

तिने हात जोडले नाहीत की पदर पसरला नाही. नुसती माझ्या उत्तराची वाट पाहत राहिली. तिच्या खांद्यावरून मला आतला अंधार, तुपाच्या दिव्यांची ओळ आणि भिंतीला टेकून बसलेला सामतेन दिसला. सामतेनने माझ्याकडे पाहिले आणि मान वळवली.

ती मान वळवणे माझ्या लक्षात राहिले.

मी हो म्हटले. कोणी याला माझा मोठेपणा समजू नये. मला वाटले, यात काही खोटे असेल तर तीन दिवसांत ते आपोआप वर येईल. आणि परवानगी मी दिलेली असली म्हणजे लक्ष ठेवण्याचा हक्कही माझाच. "हात कोणी लावणार नाही," मी म्हटले. "माझा शब्द आहे."

तिने मान लववली आणि दार लावून घेतले. आतून कडी घातल्याचा आवाज आला.

संशयाला कारण होते. रविवारी दुपारी त्या खोलीत मोठे भांडण झाले होते. भाषा कळत नव्हती, पण म्हाताऱ्याचा आवाज चढलेला आणि जावयाचा त्याहून चढलेला, हे मी माझ्या खिडकीतून ऐकले होते. मध्ये काहीतरी पडलेही. सोमवारी म्हातारा ओट्यावर उन्हाला आला नाही. मंगळवारी पहाटे गेला. आता दार बंद, डोळे कोरडे, आणि प्रेताला कोणी हात लावायचा नाही.

पार्वताने तर बुधवार उजाडायच्या आत निकालच लावून टाकला. "जावयानं काही घातलं असन," ती म्हणाली. "अंग निळं पडते मंग. म्हून दाखोत नाहीत."

मी तिला दटावले. दटावले आणि मागच्या कचऱ्याच्या डब्यात काय आहे ते पाहून ये, असेही सांगितले. तिने औषधाच्या दोन रिकाम्या बाटल्या आणल्या. त्या मी वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटात, माझ्या शालूंच्या मागे ठेवल्या.

बुधवारी मी माझी खुर्ची मागच्या व्हरांड्यात टाकून घेतली. आतून एकसुरी वाचन चालू होते. तो सामतेनचा आवाज. उदाचा वास भिंतीपलीकडून येई, आणि मला वाटे, हा वास कशावर तरी पांघरूण घालण्यासाठी आहे. दुपारी यांगचेनने एका वाटीत पीठ आणि तूप कालवलेले काहीतरी आत नेले. ते कोणासाठी, असे मी विचारले. पालांसाठी, ती म्हणाली. मेलेल्या माणसासाठी जेवण, आणि तेही आतल्या खोलीत, हे ऐकून पार्वताने माझ्याकडे पाहिले. आपल्याकडेही आपण पान वाढतो, हे त्या क्षणी मला आठवले नाही.

सामतेन एकदा बाहेर आला. दाढी वाढलेली, डोळे लाल. मी त्याला बोलावून रविवारच्या भांडणाचे विचारले, सरळच विचारले. तो म्हणाला की पालांना गोठणगावला जायचे होते आणि त्याने नेले नाही. का नेले नाही, यावर तो गप्प बसला आणि नळावर बादली भरून निघून गेला. सरळ प्रश्नाला जो गप्प बसतो त्याच्याविषयी मी काय समजायचे?

संध्याकाळच्या आत मी डॉक्टर मोहरिलांना बोलावून घेतले. यांगचेनने त्यांना उंबरठ्यावरून पाहू दिले, आत येऊ दिले नाही. डॉक्टर तसेच उभ्याने पाच मिनिटे पाहत राहिले, मग माझ्या व्हरांड्यात येऊन त्यांनी मृत्यूचा दाखला लिहिला. मी त्यांना म्हटले, नाडी न पाहता दाखला देणारे डॉक्टर मी आजच पाहिले. ते म्हणाले, नाडी त्यांनी महिनाभर पाहिली होती आणि ती कुठे निघाली आहे हे त्यांना ठाऊक होते. मी कपाटातल्या बाटल्या आणून पुढे ठेवल्या. त्यांनी चष्मा लावून वाचले आणि म्हणाले, "काकी, हे खोकल्याचं औषध आहे. मीच दिलंय." मग उठताना हळूच म्हणाले, "राहू द्या ना तीन दिवस. तुमचं काय जातंय?"

मला वाटले, यांनाही त्यांनी आपल्या बाजूला वळवले.

माझ्या भावाचा मुलगा प्रतापराव तेव्हा बडनेऱ्याला फौजदार होता. मी त्याला फोन केला. तो म्हणाला, गुरुवारी बारापर्यंत येतो. संशय असेल तर शवचिकित्सेला न्यावे लागेल. आणि म्हणाला, "तोवर कोणाला हात लावू देऊ नका, आत्याबाई." मी बरे म्हटले. दोन दिवसांत हे वाक्य मी दोन वेगळ्या तोंडांतून ऐकत होते, आणि त्याचे मला काही वाटले नाही.

गुरुवारी सकाळी सामतेन लामांना आणायला बसस्थानकावर गेला. त्यांचे मोठे लामा बोधगयेला गेलेले होते. धाकटे कोणीतरी येणार होते. यांगचेन एकटी दारात बसली होती. तीन दिवस तिने पाठ टेकली नव्हती. थंडीने ओठ फुटलेले, केसांच्या वेण्या विस्कटलेल्या.

मी तिच्यापुढे जाऊन उभी राहिले.

"ऊठ. माझ्या न्हाणीघरात पाणी तापलंय. अंघोळ कर, दोन घास खा. लामांसमोर अशी उभी राहणार आहेस का?"

"दार सोडून नाही जात मी."

"दाराशी मी बसते. माझ्या घरात माझ्याशिवाय कोण येणार आहे?"

तिने माझ्याकडे वर पाहिले. एवढी दमली होती की तिला नकार देणेही जमेना. उठताना तिचा तोल गेला, तेव्हा तिने माझा हात धरला आणि लगेच सोडला. "कोणाला आत नका जाऊ देऊ, माताजी. मांजरपण नाही." मी म्हटले, नाही जाऊ देणार.

न्हाणीघराचे दार लागल्याचे ऐकले आणि मी आत गेले.

आत सात वाट्या पाण्याच्या मांडलेल्या होत्या. दिव्यांपैकी दोन विझले होते. पालदेन उजव्या कुशीवर झोपल्यासारखा होता, उजवा तळहात गालाखाली, अंगावर तपकिरी शाल. मी आधी वास घेतला. थंडी, तूप आणि उद, एवढेच. मग वाकून गळा पाहिला. होय, त्यासाठीच मी गेले होते. गळ्यावर वळ नव्हता, ओठ निळे नव्हते, तोंडाला फेस नव्हता. मी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पाहिले. तीन हिवाळे हा माणूस माझ्या ओट्यावर बसून जपाचे चक्र फिरवत असे. त्याचा चेहरा मी कधी नीट पाहिला नव्हता. आता पाहिला. त्यावर कसलीही तक्रार नव्हती.

मी किती वेळ तिथे उभी होते, सांगता येणार नाही. खोलीत कोणी बोलत नव्हते, कोणी कोणाला काही आणायला पाठवत नव्हते. माझ्या यजमानांना, आबासाहेबांना जाऊन तेव्हा चार वर्षे झाली होती. सकाळी नऊला गेले आणि साडेअकराला त्यांना उचलले. सारी व्यवस्था मीच केली होती. सगळे तोंडभरून म्हणाले, बाई असावी तर अशी. त्यांच्या पायांवर डोके ठेवायला मला बोलावले तेव्हा मी वाकले, पण माझे लक्ष दाराकडे होते. दर्भ आणायला गेलेला माणूस अजून परतला नव्हता.

मला पालदेनची लाज वाटली. ज्याच्या घरच्यांवर मी दोन दिवस पहारा ठेवला, त्याची. हे फेडायचे कसे, तर आम्हांला एकच रीत ठाऊक आहे. मी त्याच्या पायांकडे गेले. शालीवरून केलेला नमस्कार हा नमस्कार नव्हे, म्हणून शाल बाजूला केली. टाचा फाटलेल्या होत्या. उजव्या अंगठ्याला नख नव्हते. पंधरा वर्षे हिमाचलात रस्त्याची खडी फोडलेले ते पाय. मी दोन्ही हात त्यांवर ठेवले आणि कपाळ टेकले.

मी शब्द मोडते आहे असे मला वाटलेच नाही. हात लावणे वेगळे आणि पाया पडणे वेगळे. आमच्यात सोवळ्यातल्या माणसालाही दुरून का होईना नमस्कार चुकत नाही.

शाल नीट करून मी बाहेर येऊन बसले. यांगचेन ओल्या केसांनी आली. म्हणाली, "तुम्ही होत्या म्हणून उठले, माताजी." मला बरे वाटले. मनात म्हटले, प्रतापराव आला की त्याला चहा पाजून वाटेला लावू. इथे काही नाही.

दहाच्या सुमारास सामतेन लामांना घेऊन आला. मी कोणी वृद्ध, पांढऱ्या दाढीचा माणूस येईल अशी कल्पना केली होती. हा पोरसवदा होता. जाड चष्मा, नाकाचा शेंडा थंडीने लाल, बसच्या धक्क्यांनी अवघडलेला. पोथीची पिशवी छातीशी धरलेली. त्याने आत जाण्यापूर्वी दारातच यांगचेनला काहीतरी विचारले. तिने उत्तर दिले आणि माझ्याकडे हात केला. तिच्या चेहऱ्यावर तेव्हा माझ्याविषयी अभिमान होता.

"काय विचारतात?" मी म्हटले.

"कोणी हात लावला का, ते. मी सांगितलं, कोणीच नाही. शेवटी माताजी स्वतः राखणीला होत्या."

मी सहज विचारावे तसे विचारले. "आणि लावला असता तर?"

"जिथं पहिला हात लागते, जीव तिकडं वळते." तिने स्वतःच्या टाळूवर दोन बोटे ठेवली. "इथून निघाला पाहिजे. म्हणून लामा पहिला हात इथं लावतात. चांगला जन्म मिळते. खाली लागला तर खाली जाते. पायांना लागला..." ती थांबली आणि हसली, म्हणजे ओठ ताणले. "म्हणून तर दार लावलं होतं. तुमच्या लोकांची सवय आम्हाला ठाऊक आहे. गल्लीतलं कोणी आलं असतं तर सगळ्यात आधी पायच धरले असते."

लामा चपला काढत होता.

मी अठ्ठावन्न वर्षांची होते. सासूसमोर, जावेसमोर, मुलांसमोर, कोणासमोर मी चुकले असे म्हटल्याचे मला आठवत नाही. म्हणायची गरजही नव्हती. खोलीत मी आणि मृत माणूस यांशिवाय कोणी नव्हते. तो लामा आत जाऊन टाळूवर हात ठेवणार, ही माणसे समजणार की सगळे रीतीप्रमाणे झाले, आणि संक्रांतीनंतर आपल्या गावी जाणार. पण तो ज्या हिशेबाने पोथी उघडणार तो खोटा असणार होता, आणि त्याची झळ त्या कुशीवर झोपलेल्याला लागणार होती.

"त्यांना थांबव," मी म्हटले.

यांगचेनने माझ्याकडे पाहिले.

"मी लावला. तू न्हायला गेलीस तेव्हा. मी आत गेले होते."

"कुठं?"

"पायांना."

 सामतेनने एक पाऊल पुढे टाकले. "कशाला गेला होता आत?" त्याने विचारले. आणि मी उत्तर देण्याआधीच म्हणाला, "मी मारलं का ते पाहायला?"

"होय," मी म्हटले.

"मग दिसलं?"

"नाही."

तो हसला, आणि ते हसणे मला शिवीहून लागले. "पाला म्हणत होते, गोठणगावला ने. मी नाही नेलं. बसमध्ये जीव गेला असता तर शंभर लोकांनी ओढलं असतं त्यांना. कंडक्टरनं पाय धरून उतरवलं असतं. म्हणून भांडलो. म्हटलं, इथं माताजीचं घर आहे, इथं कोणी हात नाही लावत."

लामा एकदा सामतेनकडे, एकदा यांगचेनकडे पाहत होता. तिने त्याला सांगितले. सांगताना तिचा आवाज मध्येच तुटला आणि ती रडू लागली; तीन दिवस जे तिने दाताखाली धरून ठेवले होते, ते बंद दारापासून दोन हातांवर मोकळे झाले. सामतेन तिला दंडाला धरून अंगणाच्या टोकाला, तुळशीच्या पलीकडे घेऊन गेला. तेही मयताच्या कानी पडू नये म्हणून.

लामाने मला खुणेने बसायला सांगितले. मग तो सामतेनला हाक मारून त्याच्या तोंडून एकेक विचारू लागला. दोन्ही पायांना की एका? दोन्ही. बोटे की पूर्ण हात? पूर्ण हात, आणि कपाळ. शालीवरून की उघड्या पायांना? शालीवरून म्हणाले असते तर त्याचा चेहरा निवळला असता, हे मला दिसत होते. मी म्हटले, "उघड्या. शाल मीच काढली." त्याने चष्मा काढून डोळे चोळले. बहुधा असे काही त्याला पोथीत शिकवले नव्हते, आणि शिकवणारे बोधगयेला होते.

यांगचेन परत आली. तोंड पुसलेले होते. "कशाला?" तिने विचारले. "गळा पाहिला, काही नव्हतं, तर परत यायचं. पाय कशाला धरले?"

"आमच्यात पाया पडतात."

"मोठ्यांच्या पडतात. शाळेत शिकवलंय मला. पाला तुमच्याहून लहान होते. चौपन्न."

मी त्यांना सत्तरीचे समजत होते. "मला ठाऊक नव्हतं."

"ठाऊक असतं तर?"

  आज सव्वीस वर्षांनी विचारले तर मी एवढेच म्हणेन की तरीही वाकले असते, आणि यावर तिने विश्वास का ठेवावा, हे मला सांगता येणार नाही.

लामा आत गेला. सामतेनही गेला. दार लागले, आणि या वेळी कडीचा आवाज मला फार मोठा वाटला. यांगचेन उंबरठ्यावर पाठमोरी बसली. मी व्हरांड्यात बसले नाही. अंगणातच, उन्हात उभी राहिले. आतून येणारा आवाज आता वेगळा होता. सामतेनचा एकसुरी नव्हे, एका पोराचा, अडखळणारा, मध्येच थांबून पुन्हा पहिल्यापासून सुरू होणारा.

बाराच्या ठोक्याला प्रतापरावची गाडी फाटकाशी आली. सोबत एक हवालदार. मी दोघांनाही फाटकावरच गाठले.

"कुठे आहे?" तो म्हणाला.

"काही नाही. परत जा."

"आत्याबाई, तुम्हीच तर फोन केला होता."

"केला होता. आता नाही म्हणते."

त्याने माझ्या खांद्यावरून अंगणात पाहिले. आवाज त्याच्याही कानी पडत होता. "काल तुम्ही मला भांडणाचं सांगितलं. बाटल्यांचं सांगितलं. आज तुम्हीच फाटक अडवता. काय लपवताय?"

"डॉक्टर मोहरिलांचा दाखला आहे. वाचायचा तर वाच."

"मला आत जाऊन एकदा बघू द्या. दोन मिनिटं."

"नाही."

"बघायला काय हरकत आहे? मी हात लावणार नाही."

"मीही असंच म्हटलं होतं," मी म्हणाले.

त्याला ते कळले नाही, आणि मी समजावले नाही. तो माझ्या भावाचा मुलगा होता, माझ्या मांडीवर वाढलेला; फार ताणू शकला नाही. जाताना म्हणाला, "तुमचं वय झालं आता." हवालदाराने मान खाली घालून हसू लपवले. मी ऐकून घेतले. फाटकाला आतून कुलूप लावले आणि किल्ली कमरेला खोचली. पार्वता मोरीच्या कोपऱ्यातून हे पाहत होती. म्हणाली, "बाईसाहेब, पोलिसाले वापस धाडलं?" मी तिला म्हटले, गल्लीत कोणी विचारले तर सांग, दुखवटा आहे, भेटायला कोणी येऊ नये. "कोनाचा दुखोटा?" तिने विचारले. "घरचा," मी म्हटले.

एक वाजला, दोन वाजले. मी जेवले नाही. यांगचेनही उठली नाही. शेजारच्या गच्चीवर कोणीतरी रेडिओ लावला, तो मी जिन्याने वर जाऊन बंद करायला लावला. परत आले तेव्हा आतला आवाज थांबलेला होता.

मग आतून एकच, तोकडा, जोराचा हुंकार आला. माणूस जड ओझे डोक्यावर चढवताना काढतो तसा. नंतर पुन्हा शांतता. मग पुन्हा तोच हुंकार. किती वेळा, मी मोजले नाही. "जीव वर ढकलतात," यांगचेन पाठमोरीच म्हणाली. तिने दोन्ही हातांनी स्वतःचे गुडघे घट्ट धरले होते.

तीनच्या पुढे कडी निघाली. लामा बाहेर आला तेव्हा त्या थंडीत त्याचा सदरा घामाने पाठीला चिकटलेला होता. तो यांगचेनजवळ उकिडवा बसला आणि तिच्याशी हळू आवाजात बोलला. बराच वेळ बोलला. तिने एकदाच काही विचारले. त्याने उत्तर दिले नाही, किंवा मान हलवली; मी होते तिथून नीट दिसले नाही.

ती उठून माझ्याकडे आली.

"झालं, माताजी. गेले पाला. आता न्यायला हरकत नाही. तुमच्या स्मशानात जागा मिळेल ना?"

"मिळेल. मी सांगते."  मग मी विचारले. विचारल्याशिवाय मला राहवले नाही. "कुठून गेले?"

"वरून," ती म्हणाली. जरा लवकरच म्हणाली.

लामाला मराठी येत नव्हते. तिच्या मागे दारात सामतेन उभा होता. त्याला येत होते, आणि त्याने सारा वेळ आत बसून स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते. त्याच्या चेहऱ्याकडे एकदा पाहिले असते तर मला कळले असते.

मी पाहिले नाही. पार्वताला हाक मारली, न्हाणीघरात चौघांचे पाणी तापवायला सांगितले आणि स्मशानात निरोप धाडण्यासाठी घरात गेले.